सरावाची अशील

नव्याने सनद मिळालेल्या वकिलांना अशिलाशी बोलण्याची परीक्षा असे. ती पास झाल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नसे. खोटी अशील म्हणून एका निवृत्त शिक्षिकाबाईंना बसवत, आणि गुणही त्याच देत.

पहिल्या वकिलाने बाईंनी तोंड उघडायच्या आत तीन कलमं ऐकवली. दुसऱ्याने सगळी सल्लामसलत मनगटावरच्या घड्याळाशी केली. दोघेही पास झाले.

तिसरी मुलगी होती. तिने मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "बोला आजी. घाई नाही." बाईंना पाठ करायला दिलेली तक्रार गळक्या छताची होती, ती पाच मिनिटांत संपली. पुढची पंचवीस मिनिटं त्या छताखाली एकटीने कसं राहायचं, यावर गेली. मुलीने एकदाही मध्ये तोडलं नाही.

निकालाच्या कागदावर लिहिलं होतं : नापास. पुढच्या मंगळवारी पुन्हा यावे.

"आजी, माझं चुकलं कुठे?" मुलीचा आवाज रडवेला झाला.

"कुठेच नाही गं."

"मग नापास का केलंत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पास झालेली मुलं परत येत नाहीत."