खांब कोणाच्या वाट्याला

भूलतज्ज्ञाने बचावपटू निवडला आणि जावयाचा जीव भांड्यात पडला. ट्रकवाल्याचं आधीच झालं होतं. आता फक्त मास्तरीणबाई आणि बेकरीवाला मध्ये होते. त्या दोघांनीही खांबाला सोडलं, तर खांब त्याचा.

खांब म्हणजे एक तरणाबांड गोलकीपर. लांब हात, शांत डोकं आणि जन्म कॉम्प्युटरच्या पोटातला. खेळच तसा होता. लीगमध्ये पाच जण, प्रत्येकाने फोनवर आपला फुटबॉल क्लब चालवायचा. दर मोसमाआधी कॉम्प्युटर नवे कोरे, जगात कुठेच नसलेले खेळाडू तयार करायचा आणि मालकांनी ते आळीपाळीने उचलायचे, त्यालाच ड्राफ्ट म्हणत. तळाच्या संघाची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. गेल्या मोसमात जावई जिंकला होता, त्यामुळे आता सगळ्यांच्या मागे नखं खात बसला होता.

एरवी तो बस चालवायचा. अपघातात पायाचा चुरा झाला. हाड सांधलं, डॉक्टर म्हणाले आता चाला, पण मनानेच अंथरूण धरलं. बायकोच्या माहेरी मागच्या खोलीत तो जो शिरला, तो जेवायलाही बाहेर येईना. ताट आत जायचं. डेपोतले मित्र सुरुवातीला येऊन गेले, मग आपापल्या कामाला लागले. त्यांचा तरी काय दोष? अशात एक दिवस फोनवर निरोप आला. आमच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, टीम सांभाळाल का?

त्याने टीम सांभाळली आणि त्या चौघांनी त्याला.

भूलतज्ज्ञ दोन ऑपरेशनांच्या मध्ये घाईघाईने लिहायचा. बेकरीवाला हरला की शिव्या घालायचा आणि जिंकला की आणखी. ट्रकवाला तर बस चालवणाऱ्याला ड्रायव्हर मानायलाच तयार नव्हता. मास्तरीणबाई मात्र सामना संपला की हमखास विचारायच्या, "आज खिडकीपर्यंत तरी चाललात का?" बाईंना थाप मारायची लाज वाटे, म्हणून तो चालायचा.

सासऱ्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. ते घड्याळजी. दुकान बंद केलं तरी दुकानातलं टेबल त्यांच्या खोलीत आलं होतं. तीन-चार घड्याळं एकदम उघडून बसत, पण एकाचा स्क्रू दुसऱ्यात कधी गेला नाही. मधूनच ते दारात येऊन चष्म्यावरून बघत.

"काय जावईबापू, खोट्या माणसांची खरी काळजी चाललीय वाटतं?"

"बाबा, खेळाडू खोटे. मालक खरे आहेत."

"तुम्ही बघितलेत?"

तो पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचा. सासरे मान हलवत निघून जात.

आता मास्तरीणबाईंची पाळी आली आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. निवड होईना. "बाई, आहात ना?" त्याने विचारलं. उत्तर नाही. बाकीच्यांना हाका मारल्या, तर तेही चिडीचूप. त्यात बाहेर बायकोची दिवा बदलायची गडबड.

"बाबा, शिडी नीट धरा हं, हलतेय!"

"अगं, हळू जरा!" तो आतून ओरडला. "इथे ड्राफ्ट चाललाय!"

दिवा लागला, शिडी गेली, घर शांत झालं. अखेर बाईंनी एक आघाडीचा खेळाडू घेतला. लगोलग बेकरीवाल्यानेही तेच केलं आणि वर लिहिलं, "खांब घ्या तुम्ही. माझ्या गोलात मी स्वतः उभा राहिलो तर चेंडूला जागाच उरत नाही."

जावई खो खो हसला आणि हसता हसता रडला. गोलकीपरची गरज चौघांनाही होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने लिहिलं, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं, देव जाणे. तुमचे उपकार फिटणार नाहीत. रविवारी दुपारी सगळे घरी जेवायला या. दार मी स्वतः उघडेन."

बराच वेळ काहीच आलं नाही. मग एकेक करून चौघांनीही येतो म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी तो काठी टेकत स्वयंपाकघरात आला आणि कांदा चिरायला बसला. बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले.

"कांदा झोंबला?" त्याने विचारलं.

"तूच चिरतोयस ना," ती म्हणाली.

सासरे डोकावले. "तुमच्या पाहुण्यांपायी माझी जेवायची वेळ चुकायला नको," एवढं बोलून ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्याने खुर्च्या एकेक करून स्वतः ओढत आणल्या. मग दाराशी जाऊन उभा राहिला. पाय ठणकायला लागला तरी तो हलला नाही. जिन्यावर पावलं वाजत आणि वरच्या मजल्यावर निघून जात. बेल काही वाजली नाही. फोनवर विचारलं, तर एकाचंही उत्तर नाही. जेवण गार झालं.

"बाबा म्हणत होते तेच खरं," तो बायकोला म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "खोटी माणसं. मी पडतो जरा."

"दोन घास तरी खा."

"ताट आत दे. आणि उद्यापासूनही आतच दे."

तो मागच्या खोलीकडे वळला. तेवढ्यात सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून विंचरले होते. ते बोळात त्याच्या वाटेत येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"उशीर झाला, माफ करा," ते म्हणाले. "धीरच होत नव्हता. चला जावईबापू, आम्ही चौघंही आलोय."