जीपमधला होकार

जीपमध्ये नबुल्सी प्रत्येक प्रश्नाला होकार देत आणि डाकबंगल्यात पोहोचल्यावर त्यांतले काही होकार आपण दिलेच नाहीत, असे सांगत. डाकबंगल्यात टेबलाशी बसून दिलेला शब्द मात्र त्यांनी एकदाही फिरवला नाही.

नबुल्सी जॉर्डनच्या आरोग्य खात्याचे उपसचिव. त्यांच्यासोबतचे हॅगर्टी अमेरिकेच्या मदत कार्यालयातले. हिवतापाविरुद्धची फवारणी भारतात कशी चालते ते दोघांनी मिळून पाहावे आणि जॉर्डनसाठी एकच योजना लिहावी, म्हणून फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांना उमरखेडला आणले होते. उद्या ते परत निघणार होते. योजनेवर दोघांच्या सह्या झाल्या तर डीडीटीची बोट उन्हाळ्याआधी सुटणार होती. नाहीतर जॉर्डन नदीच्या खोऱ्यातली गावे आणखी एक हंगाम तापाने फणफणणार होती. नबुल्सींनी त्या खोऱ्यातल्या दवाखान्यात उमेदीची वर्षे काढली होती. एक हंगाम म्हणजे किती पोरे, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

सकाळी हॅगर्टींनी हिवताप पथकाचे अधिकारी हिरासिंग यांना व्हरांड्यात बाजूला घेतले. जॉर्डनमध्ये फवारलेल्या भिंती बायका पुन्हा सारवतात का, असे त्यांनी नबुल्सींना जीपमध्ये विचारले होते. उत्तर होकाराचे मिळाले आणि रात्री नकाराचे झाले. अमेरिकन पर्यवेक्षक तिथल्या खेड्यांत राहिले तर चालेल का, या प्रश्नाचेही तेच. "मी माझ्या सरकारला काय कळवू?" हॅगर्टी म्हणाले. "या माणसाचा शब्द गाडीतून उतरेपर्यंतही टिकत नाही, असे?"

नबुल्सींचे म्हणणेही हिरासिंगांनी ऐकून घेतले. या गृहस्थांना नकार ऐकायची सवय नाही. आपण नाही म्हणतो, ते हो धरतात. ही खोड एका माणसाची की एका देशाची, असा प्रश्न नबुल्सींनी शांतपणे विचारला होता.

हिरासिंग नागपूरला प्राणिशास्त्र शिकलेले. कोणाच्याही स्वभावावर दोष ठेवणे त्यांना कारण शोधण्याचा आळस वाटे. विसरभोळा माणूस दोन्ही बाजूंनी चुकतो. इथे जीपमधल्या होकाराचा रात्री नकार होत होता. नकाराचा होकार एकदाही झाला नव्हता. लबाडी म्हणावी, तर ती डाकबंगल्यातही दिसायला हवी होती. ती फक्त जीपमध्येच का?

दुपारी ते फुलसावंगीजवळच्या तांड्यावर पोहोचले. ड्रायव्हर नासिरने इंजिन बंद केले. नबुल्सींनी धुळीसाठी नाकातोंडावर बांधलेला रुमाल सोडला. तांड्यावरच्या बसंतीबाईने अंगणात बाज टाकून चहा दिला आणि कप रिकामे झाल्यावर पुन्हा किटली आणली. नबुल्सींनी हनुवटी किंचित वर उचलली. बसंतीबाई त्यांच्या कपात न ओतताच किटली घेऊन पुढच्याकडे सरकली. हॅगर्टींना ते खटकले. पाहुण्याला हवा आहे, त्याला द्या, असे त्यांनी हातानेच सुचवले.

बसंतीबाई नासिरकडे वळली. "तुह्या या गोऱ्या साहेबाले ऐकू येत नाही का रे? तो बिचारा च्च करून राह्यला, नको म्हणून. आन् हा म्हंते, वत."

"मावशी, त्या जीपमंदी बसून मलेच ऐकू येत नाही, साहेबाले कुठून येईन," नासिर म्हणाला. "सायलेन्सर कायचा, नुसता पत्रा राह्यला."

हिरासिंगांनी कप खाली ठेवला. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सगळ्यांना जीपमध्ये बसवले, नबुल्सींना रुमाल पुन्हा बांधायची विनंती केली आणि इंजिन बंद असतानाच विचारले, वाटेत महागावला थांबायचे का? हनुवटी वर गेली. रुमालाआडून जिभेचा बारीक च्च आला. नासिरने इंजिन चालू केले. सगळी जीप थरथरू लागली. हिरासिंगांनी तोच प्रश्न ओरडून विचारला. हनुवटी तशीच वर गेली. बाकी काही ऐकू आले नाही.

इंजिन बंद करायला लावून त्यांनी हॅगर्टींना विचारले, "आत्ता ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले. मान हलवली की."

"मी नाही म्हणालो," नबुल्सी म्हणाले. "दोन्ही वेळा."

हॅगर्टींनी नबुल्सींकडे पाहून हनुवटी वर उचलली आणि भुवया उंचावल्या. म्हणजे हे नाही? नबुल्सींनी पुन्हा तेच केले, या वेळी च्च जरा मोठ्याने. मग हॅगर्टी हसू लागले, इतके की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नबुल्सी रुमालातच हसत होते. खांदे हलले तेव्हा ते कळले. "हे काहून हासून राह्यले?" बसंतीबाईने विचारले. त्यांचे भांडण मिटले, असे नासिरने सांगितले. तिने मग सगळ्यांनाच आणखी चहा दिला आणि नबुल्सींनी तो घेतला.

परतीच्या वाटेवर कोणी कोणाला प्रश्न विचारला नाही. डाकबंगल्यात दिवेलागणीला दोघे टेबलाशी बसले. जीपमधले मुद्दे पुन्हा एकेक करून विचारले गेले. पर्यवेक्षक खेड्यांत राहणार नाहीत, हे हॅगर्टींनी हुज्जत न घालता मान्य केले. नकार खरा आहे एवढेच त्यांना कळायला हवे होते. जेवणाआधी सह्या झाल्या.

कारण असे होते: नबुल्सींच्या देशात हनुवटी वर उचलून जिभेने च्च केले की त्याचा अर्थ 'नाही' होतो. जीपमध्ये हॅगर्टींना हनुवटी दिसत होती आणि च्च ऐकू येत नव्हता, म्हणून ते त्याला होकाराची मान समजत; डाकबंगल्यात टेबलाशी नबुल्सी तोंडाने 'नाही' म्हणत.