खाचा

आक्कांनी दसऱ्याच्या पूजेसाठी आजेसासऱ्यांची रायफल पुसली आणि लाकडी दस्त्यावरच्या प्रत्येक खाचेला कुंकू लावलं. पलटणीतून सुट्टीवर घरी आले, की ते एक खाच पाडायचे, असं सासूनं सांगितलं होतं. परवान्यासाठी पोलीस ठाण्याचे हेलपाटे घालून आक्का मेटाकुटीला आल्या होत्या. यंदाची पूजा झाली, की रायफल विकायची होती.

पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकानं खाचांवरून अंगठा फिरवला आणि त्याचे डोळे चमकले. "आक्का, प्रत्येक खाचेमागे एक माणूस मारलाय त्यांनी! मागाल ते देतो."

आक्का आपल्या बोटांवरच्या कुंकवाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रायफल त्याच्या हातातून घेऊन परत पाटावर ठेवली.

"विकायची नाही."

"का हो?"

"दरवर्षी आम्ही पित्रं घालतो, पण ह्या खाचांतल्या एकालाही कधी पान वाढलं नाही. तुम्ही वाढाल?"