कत्रीनचं नाव

रेमंडच्या आईला जाऊन वर्ष झालं म्हणून फादर चर्चमधल्या मिस्सामध्ये, रविवारच्या प्रार्थनेत, तिचं नाव घेणार होते. पण प्रार्थना सुरू होताच वडिलांचं खिशातलं, वायरीने कानाला जोडलेलं ऐकायचं मशीन शिट्टी मारू लागलं. कानातलं बटण सैल झालं की असं होतं, ते नुसतं दाबून बसवायचं, हे डॉक्टरांनी रेमंडला दाखवलं होतं. पण मागच्या बाकावर होणारी सासुरवाडी बसलेली. त्यांच्यादेखत बापाचा कान चाचपायची लाज वाटली. वडिलांच्या खिशात बोट घालून त्याने मशीनच बंद करून टाकलं. म्हातारा शेवटपर्यंत पुढे वाकून वाट बघत राहिला. घरी, बोळिंजला परतायच्या वाटेवर त्याने विचारलं, “घेतलं का कत्रीनचं नाव?” मागे कोण हसतंय तिकडेच कान लावलेल्या रेमंडनेही ते ऐकलं नव्हतं. त्याने मान डोलावली. खिसा चाचपून म्हातारा ओशाळला. “माझ्याच हातनं बंद झालं असंल. तू ऐकलंस ना, बास.”