ताईंचा काही त्रास नाही

मोठी इस्त्री बंद पडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रुग्णालयाच्या धुलाईखोलीत ओल्या चादरींचा डोंगर तसाच पडून राहिला. मिस्त्री यायला तास लागणार होता. चौघीजणी गठ्ठ्यांवर टेकल्या. त्यांतल्या धाकट्या चिमणीच्या रक्तातच गप्प बसणं नव्हतं. ती म्हणाली, आज प्रत्येकीनं मनातलं बोलायचं, काय काय डोक्यात जातं ते सगळं सांगायचं, आणि कुणी कुणावर रुसायचं नाही.

सुरुवात शिवणवालीनं केली. तान्ही बाळं तिला मुळीच गोंडस वाटत नाहीत, असं तिनं सांगून टाकलं. सख्ख्या बहिणीचं बाळ तिला उकडलेल्या बटाट्यासारखं दिसलं होतं, तोंडानं मात्र ती 'किती गोड' म्हणाली होती. साठी उलटलेल्या आजी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, नवरा गेल्याचं दुःख आहेच, पण त्याचं घोरणं गेल्यापासून झोप झकास लागते. हे कुणाला सांगता येत नाही, लोक तोंडात शेण घालतील. सगळ्या हसल्या.

ताई सगळ्यांत शेवटी हसली. घड्या घालायचं काम तिचं. अकरा वर्षांत तिची एक चादर वाकडी निघाली नव्हती.

मग चिमणी पाय पसरून मधोमध बसली. आता माझ्याबद्दल बोला, म्हणाली. दोघी जणू वाटच बघत होत्या. म्हणाल्या, ही काहीतरी सांगायला लागते, अर्ध्यावर टाकून उठून जाते आणि आपण दिवसभर तळमळत बसायचं. नळ कधी घट्ट बंद करत नाही. कंगवा कुणाच्याही कप्प्यात टाकते. एकच गाणं आठवडाभर गुणगुणते, तेही चुकीच्या शब्दांत. आजींनी तर तिच्या शिंकेची नक्कल करून दाखवली. चिमणी हसून हसून कोलमडली.

ताईच्या पोटात दुखू लागलं. ते दुखणं सहा वर्षांचं होतं, चिमणी कामाला लागली तेव्हापासूनचं. नावं ठेवतानाही दोघींच्या आवाजात केवढा लाड होता. हिची शिंकसुद्धा यांना पाठ आहे. आणि आपण रोज वेळेवर येतो, कुणाच्या कप्प्याला हात लावत नाही, नळ घट्ट बंद करतो.

"ताई, तुमचं राहिलं," शिवणवाली म्हणाली.

ताईला काहीतरी किरकोळ सांगायचं होतं. चिमणी संत्र्याच्या साली कुठंही टाकते, तेवढंच सांगावं, असं तिनं ठरवलंही होतं. पण तोंडून भलतंच गेलं.

"ही रजेवर असली की दिवसभर सगळ्या ही कुठं आहे म्हणून विचारतात. मला ते आवडत नाही."

चिमणीनं मान खाली घातली आणि चादरीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. आजींनी घाईघाईनं विषय बदलला. चला, आता ताईंची पाळी, म्हणाल्या. ताईंबद्दल बोला.

ताई मधोमध जाऊन बसली. आता तिला कळलं की आपल्याला हे हवं होतं. मारा म्हणावं, काय मारायचे ते टोमणे. शिवणवालीनं छताकडे पाहिलं. आजींनी डोकं खाजवलं. बराच वेळ दोघी खरोखर शोधत होत्या.

"ताईंचा काय," शेवटी शिवणवाली म्हणाली, "ताईंचा काही त्रास नाही."

आजींनी मान डोलावली. हे वाक्य ताईला नवीन नव्हतं. पाहुण्यांसमोर आई तिच्याबद्दल हेच म्हणायची आणि मग धाकटीच्या खोड्या रंगवून सांगायची. नवरा मित्रांना हेच सांगायचा. तिला ते कौतुक वाटत आलं होतं. आज मात्र ते ऐकून, आपण या खोलीत अकरा वर्षं होतो की नव्हतो, असं तिला झालं. ती उठायला लागली.

"मला आहे," चिमणी म्हणाली. धागा अजून तिच्या बोटाला होता. "मला यांचा राग येतो."

ताई पुन्हा खाली बसली.

चिमणी खाली बघूनच बोलत होती. ताई सहाला निघतात, म्हणाली, आणि पुलापर्यंत ताठ मानेनं चालत जातात. मलाही त्याच रस्त्यानं जायचं असतं. मी वीस पावलं मागं असते. बाकीच्या दोघी उलट्या बाजूला जातात, त्यामुळं तो अर्धा तास माझ्याशी बोलायला कुणी नसतं. सहा वर्षांत यांनी एकदाही मागं वळून पाहिलेलं नाही.

ताई तिच्याकडे वळली.

"अगं, मग हाक मारायची होतीस."

"मारायचे की," चिमणी म्हणाली. "पहिलं वर्षभर रोज मारायचे."

आणि ताईला ती हाक आठवली. संध्याकाळची, पुलाच्या अलीकडची, 'अहो ताई, थांबा ना' अशी. ती तिनं रोज ऐकली होती. रस्त्यावर ताया पुष्कळ होत्या. कुणीतरी इतक्या प्रेमानं बोलावतंय म्हणजे दुसऱ्याच कुणाला तरी असणार, असं समजून ती रोज पाय उचलत राहिली होती.