मावल्याचा कारागीर

"एका मोटरीसाठी मावल्याच्या दोन चकरा झाल्या," मावल्याच्या बाजारातून गावाकडे परतणाऱ्या शेअर ऑटोत माझ्या शेजारी बसलेले मोतीराम गुरुजी कुरकुरले. पायाशी त्यांची विहिरीवरची मोटर होती. "पण कारागीर पक्का हाय. वाइंडिंग असं बांधलं का पाच वर्सं पाहा लागत नाही."

मी डब्याची रिकामी पिशवी घडी करत राहिले. याच गुरुजींनी आमच्या ओसरीवर बसून सांगितलं होतं, "बयनाबाई, रुपाले आयटीआयले टाका. हातात काम असलं का पोरगी कोणापुढं वाकत नाही." माझी रुपा शिकली, गावातच मोटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. सहा महिने एकही मोटर आली नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. आता ती मावल्यात एका दुकानाच्या मागच्या खोलीत जळालेल्या मोटरींच्या तारा नव्यानं गुंडाळून वाइंडिंग करते. सकाळी डबा द्यायला गेले तेव्हा याच मोटरीचं झाकण आवळत होती.

"गुरुजी, आमच्या दारावरून मोटर नेली तुमी. रुपाले काऊन नाही देली?"

त्यांनी पायाशी असलेली मोटर जवळ ओढली.



"शिकवा म्हणलो होतो, बाई. पोरीच्या हाती आपली मोटर कोण देते?"