आपलं ताट

मुलीच्या पत्राला नानांनी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. ‘नाना, हॉटेलात जेवून झाल्यावर मल्हार ताट उचलून थेट धुवायला निघाला. वेटरला धडकला, बशा फुटल्या. लोक म्हणाले, आईबापांनी वळण लावलेलं नाही. यांनी त्याला चारचौघांत थप्पड मारली. असलं शिकतो कुठे हा?’

आपलं ताट आपण उचलावं, हे सुट्टीत नानांनीच नातवाला शिकवलं होतं. मग चूक त्यांची? पण ताट उचलणं चूक कसं? नाना रोज जुनी नीतीची पुस्तकं चाळत बसत.

“उत्तर काय पुस्तकांत सापडणार आहे?” बायको म्हणाली. “पोराने कुणापायी मार खाल्ला, तेवढं लिहा की!”

चार कागद फाडल्यावर एवढंच उरलं: ‘मल्हार, तुझं चुकलं नाही. ती थप्पड मला बसायला हवी होती.’ बरोबर लिहिलं का, नानांना कळेना. तरी पाकिटावर नातवाचं नाव घालून त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.